वाड्याबरोबर दोन दिवस बसायचंय

आधीच सांगून टाकते, या लेखात फोटो नाहीत. आम्हा चौघांपैकी कुणाकडे कॅमेरा नव्हता, आणि असता तरी फोटो कशाचा काढायचा यावर आमचं एकमत झालं नसतं. गोष्ट सत्तरच्या दशकातली, आणीबाणी होती तेव्हाची. फलटणहून दहिवडी, म्हसवड, दिघंची करत आटपाडी, तिथून विटा आणि मायणी-वडूजवरून परत फलटण असा आमचा फेरा झाला. दिवाळीनंतरच्या थंडीत हा फेरा आजही करण्यासारखा आहे. आम्ही तो नेमका कशासाठी केला, हे मात्र मला अजून धड सांगता येत नाही. प्रयत्न करते.

हल्ली ज्याला 'सोशल एंटरप्राइझ' म्हणतात आणि ज्याची पुण्यात गारेगार हॉलमध्ये शिबिरं भरतात, त्याला आम्ही तेव्हा 'काहीतरी करू या' म्हणायचो. करणारे चौघं. मी सुमन, डी.एड. होऊन नेमणुकीची वाट बघत घरात कंटाळलेली. माझा मधला भाऊ सोपान, माझा अण्णा, पंधरा वर्षं पलटणीत काढून पेन्शनवर नुकताच घरी आलेला. तिसरा प्रकाश, साताऱ्याचा, पुण्याला समाजकार्य शिकलेला आणि तोंड उघडलं की छापील बोलणारा. चौथा मोहन, प्रकाशचा खोलीमित्र. मूळ विट्याचा, पण वडिलांचं सोनं गाळायचं दुकान पार बंगालकडे, त्यामुळे वाढला तिकडेच. मराठी बोलता बोलता हा मध्येच हिंदीत शिरायचा.

प्रकाशचं म्हणणं असं, की आटपाडीकडच्या धनगर मंडळींकडे लोकर आहे, घोंगडी विणायची कला आहे, पण संस्था नाही. ती आपण काढू. मोहनला त्या संस्थेत सूत काढायचं यंत्र हवं होतं. अण्णाला एक लांबलचक शेड हवी होती, कुंपणासकट. मला काय हवं होतं? मला अण्णा घरी राहायला हवा होता. माझं समाजकार्य एवढंच होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

कारण अण्णा जायच्या बेतात होता. पुण्यात कुठल्याशा कारखान्यात रखवालदाराची जागा त्याच्या जुन्या सुभेदारसाहेबांनी त्याच्यासाठी धरून ठेवली होती. महिनाअखेर हजर व्हायचं होतं. त्याची काळी ट्रंक त्यानं आल्यापासून पुरती उघडलीच नव्हती. वरवरचे कपडे काढायचा, धुवून परत त्यातच ठेवायचा.

यात आमच्या थोरल्या दादांचा दोष म्हणावा तर तोही नाही. शेती सगळी दादांनी सांभाळलेली. अण्णा रजेवर आला, की त्याचा पाय उंबऱ्यात पडायच्या आत दादा विचारायचे, "किती दिसाची रजा?" पंधरा वर्षांची सवय. पेन्शनवर आला त्या दिवशीही त्यांच्या तोंडून तेच निघालं. अण्णा हसून म्हणाला, "कायमची." दादा म्हणाले, "अस्सं." तेव्हापासून अण्णा घरात पाहुण्यासारखा वावरत होता. ताट वाढलं की जेवायचा, आणि आपलं ताट आपणच घासायचा.

संस्थेचं ऐकून दादांनी एक केलं. विहिरीजवळचा नांगरून ठेवलेला पट्टा दाखवून म्हणाले, "ह्यात ऊस लावायचा हाय. पर तुमी जाऊन या आटपाडीला. तिथलं जानतं मानूस हितं ईऊन 'व्हय, करतो' म्हनालं, तर पट्टा तुमच्या संस्थेला. न्हाईतर आल्या आल्या लागण." अण्णा मला हळूच म्हणाला, "पट्टा मिळाला तर ऱ्हातो बघ, सुमे." मग माझ्यासारखी समाजसेविका फलटण तालुक्यात दुसरी नव्हती.

बैठका आमच्या त्या पट्ट्यातच व्हायच्या, विहिरीवरच्या इंजिनघरापाशी. इंजिनघराच्या भिंतीवर प्रकाशनं कोळशानं एक गोल काढून त्यात 'हेतू' असं लिहिलं आणि गोलातून चारी दिशांना बाण काढले.

"आधी आपला हेतू निश्चित करू," तो म्हणाला.

"हेतू म्हंजी टार्गेट का?" अण्णानं विचारलं.

"टार्गेट नव्हे. टार्गेट म्हणजे उद्दिष्ट. हेतू त्याच्या आधी येतो."

"टार्गेटच्या आधी फालीन येतं," अण्णा म्हणाला. "फालीन म्हंजी रांगेत उभं ऱ्हानं."

यावर मोहननं यंत्राचा विषय काढला आणि बैठक संपली. अशा बैठका बऱ्याच झाल्या. मी चहा नेऊन द्यायचे आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी समजून परत यायचे.

दिवाळीच्या आधी प्रकाश आणि मोहन आठवडी बाजारात गेले. तिथे घोंगडी विकायला आटपाडीकडची धनगर मंडळी यायची. परत आले ते खुशीत. प्रकाश म्हणाला, "निरोप दिला. धुळाआबा म्हणून तिकडचे वजनदार गृहस्थ आहेत, त्यांचा पुतण्या भेटला. बोलायला तयार आहेत. आटपाडीजवळ त्यांचा वाडा आहे."

इथे थोडं थांबा, कारण पुढचं सगळं या शब्दावर उभं आहे. 'वाडा' ऐकून प्रकाशच्या डोळ्यांसमोर दगडी घर आलं, दिंडी दरवाजा आणि चौक असलेलं. अण्णासमोर माळावर उतरलेली मेंढरं आली, घोडं, कोंबड्या, तीन दगडांची चूल. कारण मेंढक्यांचा फिरता संसार, मेंढरांसकट, त्यालाही आमच्याकडे वाडाच म्हणतात. मला वाटलं धनगरांची वस्ती असेल, पाच-सात खोपटांची. मोहनच्या डोळ्यांसमोर काहीही आलं नाही, त्याला भूक लागली होती. कुणी कुणाला काही विचारलं नाही. आम्ही चौघं एका एस.टी.त बसून चार ठिकाणी निघालो होतो.

दिवाळी आटोपल्यावर सकाळच्या गाडीनं निघालो. तिकिटं मोहननं काढली, त्यामुळे भाडं काही आठवत नाही. आता स्वतःच्या गाडीनं तुम्ही अडीच-तीन तासांत आटपाडी गाठाल. आमचा अर्धा दिवस गेला. फलटण सोडलं की काही वेळ दोन्ही बाजूंना ऊस, पाटाचं पाणी, बैलगाड्या. मग मोगराळ्याचा घाट लागतो, आणि घाट चढून गेलं की हिरवा रंग एकदम संपतो. पुढे उघडे माळ, बाभळी, बोरी आणि लांबच लांब दिसणारा रस्ता. मला तो प्रदेश तेव्हा भकास वाटला होता. नंतर कितीतरी वेळा गेले, आणि आता तिथलं मोकळं आकाश बघायलाच जावंसं वाटतं. डावीकडची खिडकी धरा.

घाटात आमची गाडी अडली. समोरून मेंढरं येत होती, सगळा रस्ता व्यापून. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता आणि मेंढरांवर त्याचा काही परिणाम होत नव्हता. मध्ये एक घोडं, पाठीवर भांडीकुंडी, घोंगडी, वर बांधलेल्या कोंबड्या. बायका डोक्यावर पाट्या घेऊन चाललेल्या. प्रकाशला घाट लागला होता, तो लिंबू नाकाशी धरून डोळे मिटून बसलेला. मी वैतागले होते. अण्णा मात्र खिडकीतून अर्धा बाहेर.

"कुठं निघाला वाडा?" त्यानं ओरडून विचारलं.

लाल पागोटेवाला एक म्हातारा खालून म्हणाला, "फलटनाकडं. बसायला."

"जावा, जावा. पानी हाय औंदा तिकडं," अण्णा म्हणाला आणि समाधानानं आत आला. त्याच्या चेहऱ्यावर पंधरा वर्षांत न पाहिलेलं काहीतरी पाहिल्याचा आनंद होता. गाडी पुढे निघाली.

दहिवडीला चहा, म्हसवडला भजी. म्हसवडला सिद्धनाथाचं देऊळ बघा आणि बाजारात घोंगडी बघा. खरं म्हणजे घोंगडीचंच काम होतं तर आम्ही म्हसवडलाच उतरायला हवं होतं, असं मी तेव्हाही बोलून दाखवलं. प्रकाश म्हणाला, "ते आपल्या आराखड्यात नाही." दिघंचीला गाडी बदलली, त्यात बराच वेळ गेला, आणि दुपारी आटपाडीला उतरलो तेव्हा पाणी पिऊन पिऊन माझं पोट फुगलं होतं.

स्टँडसमोरच्या चहावाल्याला प्रकाशनं विचारलं, "धुळाआबांचा वाडा कुठे आला?"

"कंचं धुळाआबा?" त्यानं डोकं खाजवलं. "वाडा म्हंजी, त्यो दगडी का? वढ्याच्या पल्याड एकच हाय तसा. बघा जाऊन."

गेलो. उन्हातून बरंच चालल्यावर खरोखरच दगडी वाडा आला, दिंडी दरवाजासकट. प्रकाशनं आमच्याकडे असं बघितलं, की मला माझी खोपटांची कल्पना गुंडाळून ठेवावी लागली. ओट्यावर पिकल्या मिशांचे एक गृहस्थ बसले होते. अंगणात तीन-चार गडी कडब्याच्या पेंढ्या रचत होते.

आता आमचं रूप डोळ्यांसमोर आणा. प्रकाशच्या काखेत फाइल, मोहनच्या डोळ्याला काळा चष्मा, अण्णाच्या अंगात खाकी पँट, आणि सोबत मी, पर्स घेतलेली शिकलेली बाई. आणीबाणीचे दिवस. नसबंदीच्या शिबिरांचा सगळीकडे बोलबाला चाललेला.

प्रकाशनं नमस्कार करून सुरुवात केली. "काळजीचं काही कारण नाही. आमच्याकडे कुणावर सक्ती नाही, सगळं स्वेच्छेनं. शेवटी तुमच्याच कुटुंबाच्या कल्याणाचं आहे. एकदा नाव नोंदवलंत, की पुढचं सगळं आम्ही बघू."

कडब्याचा आवाज थांबला. मी वळून बघितलं तर अंगणात फक्त पेंढ्या. गडी मागच्या भिंतीवरून ज्वारीत पसार झाले होते.

गृहस्थ उठून उभे राहिले. "आवं, माझं वय तर बघा!" ते म्हणाले. "नातवाचं लगीन काढलंय मी!"

"वयाची अट नाही," प्रकाश प्रेमानं म्हणाला. "आणि कायमचा प्रश्न सुटतो."

गृहस्थांच्या तोंडचं पाणी पळालं. अण्णाच्या ध्यानात आधी आलं. त्यानं पुढे होऊन हात जोडले आणि घोंगडी, लोकर, मेंढरं असे तीनच शब्द मोठ्यानं म्हटले. मग उलगडा झाला, मग चहा आला, आणि गडी एकेक करून ज्वारीतून डोकं वर काढायला लागले. तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. हसण्यासारखं त्यात तेव्हाही फार नव्हतं, हे घरी परतल्यावर समजलं. ती माणसं खरीच भ्यायली होती.

धुळाआबांचा पत्ता मात्र त्यांनी बरोबर सांगितला. माळावर धनगरांची वस्ती होती, पाच-सात खोपटांची. म्हणजे माझंही काही अगदीच चुकलं नव्हतं. पण वस्तीवर चिटपाखरू नाही. एका दारात एक म्हातारी बोरं निवडत बसलेली. ती धुळाआबांची थोरली बहीण, हिराआक्का. चालवत नाही म्हणून मागे राहिलेली.

"आबा कुठे आहेत?" प्रकाशनं विचारलं.

"वाडा हलला की," ती म्हणाली. "फलटनाकडं ग्येला. दरसाली जरा दमानं निघतो, पर औंदा सांगावा आला हुता. कुनी सोपानराव हाय तिथं. त्येनं सांगितलं, समद्या वाड्याबरूबर दोन दिस बसायचंय. रान त्येंचंच, जेवान बी त्येंचंच."

अण्णा मटकन खाली बसला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे रानात मेंढरं 'बसवतात'. मेंढक्यांचा वाडा शेतात उतरवायचा, रात्री मेंढरं तिथे बसली की लेंडीमूत्राचं खत आयतं जमिनीत. बदल्यात शेतकरी त्यांना धान्य देतो, जेवण घालतो. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. 'किती दिवस बसायचं' हाच त्यातला बोलायचा शब्द.

"प्रकाशराव," अण्णा खालूनच म्हणाला, "बाजारात तुमी नक्की काय बोलला?"

प्रकाशला शब्दन्‌शब्द आठवत होता, तेच तर वाईट. "मी म्हटलं, आम्हांला तुमच्या सगळ्या वाड्याबरोबर दोन दिवस बसायचंय. तो म्हणाला, किती बसवायची? मी म्हटलं, जितके येतील तितके बसू देत. तो म्हणाला, जेवणाचं? मी म्हटलं, आमच्याकडे. कुठं म्हणाला, तर मी सोपानरावांच्या शेताचा पत्ता दिला, विहिरीजवळचा. म्हटलं, पुढे संस्था तिथेच होणार, ठाऊक असलेलं बरं." वर तो म्हणाला, "किती सहज तयार झाला, याचं मला आश्चर्यच वाटलं होतं."

"घाटातली मेंढरं," अण्णा म्हणाला. "आपलीच! मीच म्हनलो, जावा जावा."

मोहन म्हणाला, "तो फिर प्रॉब्लेम क्या है? ते तिकडे पोचले, आपण परत जाऊ."

प्रॉब्लेम असा होता, की पट्ट्याला लागून दादांचा हरभरा उभा होता. दादांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. एवढी मेंढरं न सांगता दारात आली, हरभऱ्यात शिरली आणि वर जेवणही मागितलं, तर पट्टा गेलाच, अण्णाचं तोंडही दादा परत बघणार नाहीत, असं मला वाटलं. मला तिथेच रडू फुटलं. हिराआक्काला काय झालं ते कळेना. तिनं आम्हाला बसवून हुलग्याचं माडगं आणि भाकरी वाढली. आटपाडीकडे गेलात तर हुलग्याचं माडगं जरूर प्या, गरम आणि लसणीचं. मी रडत रडतही दोन वाट्या प्यायले.

आटपाडीहून उलट म्हसवडकडे त्या दिवशी गाडी नव्हती. विट्याची शेवटची मिळाली. करगणीवरून भिवघाट, तिथून विटा, खड्ड्याखड्ड्यांनी. विट्यात मोहनच्या काकूंकडे उतरलो. सगळं घर पक्कं, नवं, फरशीचं. आणि घरात पुरुष एकही नाही. काका मद्रासला, थोरला मुलगा कानपूरकडे, जावई आणखी कुठे, सगळे सोनं गाळायच्या दुकानांवर. गल्लीतल्या बहुतेक घरांची तीच गत. काकूंनी तिखटजाळ आमटी आणि भाकरी वाढली, आणि आम्ही जेवत असताना समोर पाट घेऊन बसल्या.

"मला एवढं सांगा," त्या म्हणाल्या, "तुमी चौघं मिळून करनार काय हाय?"

"ग्रामीण कारागिरांचं संघटन," प्रकाश म्हणाला.

"सूत काढायची मशीन," मोहन म्हणाला.

मी म्हटलं, "संस्था." आणि संस्था म्हणजे काय असं त्या विचारतील या भीतीनं पटकन घास घेतला.

काकू अण्णाकडे वळल्या. अण्णा ताटाकडे बघत होता. तो म्हणाला, "मला घरी ऱ्हायचंय, काकू. पंधरा वरसं लोकांच्या गावात काढली. पर घरी नुसतं ऱ्हाता येत न्हाई. काम लागतंय. हातात काय असलं की कुनी इचारत न्हाई, कवा निघनार म्हनून."

काकूंनी त्याच्या ताटात आणखी आमटी घातली आणि पदर डोळ्याला लावला. त्यांना त्यांचा माणूस आठवला असावा. एवढ्या बैठकांत पहिल्यांदाच कुणीतरी समजेल असं बोललं होतं, आणि मला नेमकं त्याचंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी विटा-मायणी-वडूज-दहिवडी असं गाड्या बदलत निघालो. हा रस्ता आता चांगला आहे. मायणीचा तलाव वाटेत आहे, थंडीत तिथे परदेशी पक्षी येतात म्हणे. आम्ही तलाव बघितला नाही. अण्णा प्रत्येक थांब्यावर खाली उतरून ड्रायव्हरला घाई करत होता, आणि मी मनातल्या मनात दादांशी भांडत होते. सगळी वाक्यं माझी आणि उत्तरंही मीच देत होते.

रानात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पट्टा मेंढरांनी भरला होता. काळी, तपकिरी, पांढरी, चरून येऊन उतरलेली. कडेला घोडं बांधलेलं, चूल पेटलेली, आणि चुलीपाशी घाटातल्या त्या लाल पागोट्याच्या म्हाताऱ्यासमोर, म्हणजे धुळाआबांसमोर, आमचे दादा मांडी घालून गप्पा मारत बसलेले! हरभऱ्याच्या बांधावर दोन कुत्री आडवी पडली होती. हरभरा जिथल्या तिथे होता.

आम्हाला बघून दादा उठले. "सोपान," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा फुललेला होता, "गड्या, काय काम केलंस रं! मी चार सालं बोलावतोय, कुनाचा वाडा हिकडं फिरकत न्हाई. रान बघ, काळं झालंय नुसतं!"

अण्णानं तोंड उघडलं आणि मिटलं. मीही तेच केलं. कौतुक होत असताना खुलासा कसा करायचा?

प्रकाशनं मात्र आबांना गाठलं आणि संस्थेचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी बँक का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर शेड कशाला ते विचारलं. बायका तिथे बसून विणतील, असं प्रकाश म्हणाला. आबा गोंधळले. "आवं, बाया वाड्याबरूबर चालत्यात. शेड चालंल का आमच्याबरूबर?" ते टोमणा मारत नव्हते, खरंच विचारत होते. आराखडा दाखवायला प्रकाश इंजिनघराकडे वळला, तर भिंतीवर मेंढरांनी अंग घासून घासून 'हेतू' पुसून टाकला होता. वरचे एक-दोन बाण तेवढे शिल्लक होते.

"मग मंडळी न्हाईच म्हनली न्हवं?" दादांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "बरं झालं म्हना. अशा बसवलेल्या रानात ऊस न लावता शेड बांधली, तर लोक हसत्याल. पुढच्या आठवड्यात लागण." ते अण्णाच्या पाठीवर थाप मारून आबांकडे परत गेले.

म्हणजे अण्णानं आयुष्यात पहिल्यांदा दादांची शाबासकी मिळवली होती, आणि त्या शाबासकीनंच त्याचा पट्टा गेला होता. मला काही समजेनासं झालं. मी अण्णाकडे बघितलं तर तो मान हलवून हसला, पण ते हसू मला बघवलं नाही.

सकाळी तो ट्रंक घेऊन निघाला. आई न्हाणीत होती, तिला सांगितलंही नाही. मी मागे मागे गेले, चिडून, ओरडून, शेवटी रडून. पुण्याच्या गाडीला जायची वाट रानातूनच होती. पट्ट्यापाशी आलो तर तिथे हा गोंधळ. आजूबाजूचे पाच-सहा शेतकरी जमले होते, आणि आता मेंढरं कुणाच्या रानात बसणार यावर एकमेकांच्या अंगावर जात होते. एकानं आबांचं घोडं सोडून आपल्या बांधाला नेऊन बांधलं होतं. आबा कंटाळून म्हणत होते, "अशानं आमी परत जातो." दादा सगळ्यांना शांत करायला जाऊन त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होते.

अण्णानं ट्रंक खाली ठेवली.

"फालीन!" तो असा ओरडला, की माझ्यासकट सगळे गप्प झाले आणि मेंढरंही उठून उभी राहिली. "हिकडं. रांगेत. पाटाच्या वरच्या अंगाचं रान पयलं, मग खाली खाली. उभं पीक ज्येच्या शेजारी, त्येनं राखायला मानूस द्यायचा. घोडं कुनी सोडलं? आना परत."

घोडं परत आलं. माणसं खरोखर रांगेत उभी राहिली. का राहिली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आबा पुढे आले. "सोपानराव," ते म्हणाले, "हे तुमीच बघा गड्या. माझ्या मागनं माझ्या मेव्हन्याचा वाडा येतोय, त्येला बी रानं लागतील. आमाला भांडनं निस्तरत बसाय येत न्हाई."

अण्णानं ट्रंकेची कडी परत धरली. "मी पुन्याला निघालोय, आबा."

तेव्हा दादांचं लक्ष ट्रंकेकडे गेलं. त्यांनी ट्रंकेकडे बघितलं, मग माझ्या रडून सुजलेल्या तोंडाकडे. त्यांचे ओठ हलले, आणि मला अगदी ठाऊक होतं आता काय येणार. किती दिवसांची रजा होती, संपली का, तेच.

"बस की रं," दादा म्हणाले. "कुठं निघालास?"

आमच्याकडे हा शब्द दारी आलेल्या कुणालाही म्हणतात. पाहुण्याला, पोस्टमनला, वाट चुकलेल्याला. अण्णाला घरात आल्यापासून तो कुणी म्हटला नव्हता, मीसुद्धा नाही. अण्णा त्या काळ्या ट्रंकेवरच बसला, भर रानात, मेंढरांमध्ये. दादा त्याच्या शेजारी टेकले. ट्रंक एका बाजूनं चेपली, ती अजून तशीच आहे.

संस्थेला नाव कधी मिळालं नाही. प्रकाशला मेंढरं बसवायचा तो प्रकार पटला नाही. यात लोकर कुठे आहे, हा त्याचा प्रश्न खराच होता. तो पुढे पुण्यात मोठ्या कामाला लागला. मोहन वडिलांच्या दुकानावर गेला आणि दर दिवाळीला आटपाडीच्या माडग्याची आठवण काढणारं कार्ड पाठवायचा. मला नोकरी लागली. अण्णानं मात्र पूर्वेकडून येणारे वाडे आणि आमच्याकडची रानं यांची सांगड घालायचं काम धरलं ते धरलंच. दिवाळी सरली की लोक दादांच्या आधी त्याला विचारायला यायचे. पट्ट्यात ऊसच राहिला. त्यानं परत कधी तो मागितला नाही.

आपण नेमकं काय ठरवलं होतं आणि झालं काय, याचा ताळमेळ मला आजही लागत नाही. तरुण मुलं असे आराखडे घेऊन येतात तेव्हा मी एवढंच म्हणते, की एकदा समोरच्याला विचारून बघा, तुम्ही वाडा म्हणालात तर त्याला काय दिसलं. उत्तर ऐकल्यावर तुमचा गोंधळ वाढेल, पण तसा वाढलेला बरा.

हा लेख लिहायला बसले तेव्हा अण्णाला फोन लावला. आता त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे मला ओरडावं लागलं. मागून मेंढरांचा आवाज येत होता, म्हणजे यंदाचा वाडा उतरलेला दिसतोय.

"काय करतोयस, अण्णा?"

"काय न्हाई, सुमे," तो म्हणाला. "बसलोय."